मारणाऱ्यानेच उठवायचं

फोन वसंताचा होता. "ताई, दादा गेला," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात मी वाटाणे सोलत बसले होते. तशीच सोलत राहिले, हात थांबेचनात. मग राग आला, दामोदरदादाचाच. बरं वाटत नाही एवढं तरी कळवायचं की नाही माणसाने?

दादा ठाण्याजवळच्या बाळकुम गावचा. घरची भातशेती, मिठागर... आता तिथे सगळे टॉवर. गावच्या नाट्यमंडळात तो कायमचा राजा. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचे. "बाय, तुझी जीभ बरी चालते," म्हणत त्यानेच मला राणीच्या कामाला धरून आणलेलं. नाटक राजघराण्यातलं. धाकटा भाऊ गादीच्या लोभाने शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो, त्यात युवराज मारला जातो, राणी सूड मागते आणि शेवटी राजा स्वतःच्या हाताने भावाला मारतो. हा धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ वसंता. तालमीत दोघांची भांडणं व्हायची ती फक्त 'माझ्या वाक्याला तू हललास का' यावरून.

मंडळाचा एक रिवाज होता. पडदा पडला की ज्याने मारलं त्यानेच मेलेल्याला नावाने हाक मारायची, हात देऊन उठवायचं. तोवर त्याने उठायचं नाही. इथलं वैर इथेच ठेवायचं, घरी न्यायचं नाही, असं जुनी माणसं सांगत. मला आधी हसूच यायचं.

मग वसंताने खाडीकडची जमीन दादाला न सांगता बिल्डरला दिली. वाटणीत ती त्याच्याकडे आलेली, पण त्याच शेताच्या बांधावर त्यांची आई गेली होती आणि ती कधी विकायची नाही, असं आईच्या बाराव्याला दोघांनी ठरवलेलं. दादाला कळलं ते तिथे पत्रे ठोकलेले बघून. बोलणं बंद झालं. ठाण्यातला प्रयोग मात्र ठरलेला. मी म्हटलं, "दादा, यावेळी राजा दुसऱ्याला करू दे."

"नाय गो बाय. मारनार मीच."

त्या दिवशी मी सूड मागितला आणि दादाने तो असा घेतला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे झाकून घेतले. पडदा पडला. वसंता पडलेलाच. दादा तलवार टाकून सरळ मेकअप रूममध्ये निघून गेला. टाळ्या संपल्या, लोक बाहेर पडले, सेटवाले खोळंबले. "वसंता, ऊठ रे, शोभा करू नकोस," मी म्हटलं. डोळे मिटूनच तो म्हणाला, "दादा येईल." मी तणतणत आत गेले. अर्धा चेहरा पुसून राजा आरशासमोर बसलेला. "भाऊ खाली पडलाय तुझा. सूड घ्यायचाय तर घरी घे, इथला रिवाज मोडू नकोस." त्याने उरलेला अर्धा चेहरा पुसला... मग उठला, बाहेर आला, हात पुढे केला. "वशा, ऊठ." वसंता हमसून हमसून रडला. दादा नाही रडला. निघताना मला म्हणाला, "उठवलाय. माफ नाय केला."

आणि खरंच नाही केलं. त्या जमिनीवर टॉवर झाला, वसंता तिथे पहिल्या मजल्यावर राहायला गेला. त्या घरचं पाणीसुद्धा दादा कधी प्यायला नाही. पण रोज सकाळी फेरीला निघाला की खिडकीखाली थांबायचा, "वशा, ऊठ रं," अशी हाक द्यायचा आणि चालू लागायचा. लोकांच्या झोपा मोडतात म्हणून सोसायटीने त्याला समज दिली. हा कसला ऐकतोय. माफी दिली नाही आणि हाक चुकवली नाही. हे दोन्ही एका माणसात कसं मावत होतं, मला कळलेलं नाही. फार आठवण येते त्याची.

परवा वसंताला भेटायला गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं. ऊन पार हॉलच्या मध्यापर्यंत आलेलं.

"झोपलाय का अजून?" मी विचारलं.

"नाय हो ताई. पहाटेपासून जागेच असतात," ती म्हणाली. "पण उठत नाहीत."