भंडाऱ्याची पलटण

माझ्या सत्त्याहत्तर सालच्या वहीत चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी एवढंच लिहिलेलं आहे: "पंचमी. घटाला झेंडू कमी पडला. भाऊजींना ताप, खोटा. दोष माझा."

लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हापासूनची सवय. संध्याकाळी दिवा लावला, जप झाला, की वहीत चार ओळी लिहायच्या. बहुतेक पानं उपास, पाहुणे आणि भिजत घालायला विसरलेल्या डाळींनीच भरली आहेत. पण भाऊजी गेल्यापासून, या तीन वर्षांत, वह्या चाळायला घेतल्या की हात त्या पंचमीपाशी येऊन थांबतो. ताप खोटा का, हे तेव्हा लिहिलं नाही, कारण मी शब्दाला बांधलेली होते. आता लिहायला हरकत नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गजेंद्र. लग्न केलं नाही, कारेलीबागेत आमच्या घरीच राहिले. औषधांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. उंच, पुढे जरा वाकलेले, आणि आवाज इतका हळू की ताक वाढताना "पुरे" म्हणत तोवर वाटी वाहायला लागलेली असायची. मामंजी रेल्वेत गार्ड होते. भाऊजींनीही रेल्वेतच जायचं, तेही इंजिनावर, हे घरात त्यांच्या मुंजीपासून ठरलेलं. लेखी परीक्षेत ते पास झाले. डॉक्टरी तपासणीला गेले त्या दिवशी सासूबाईंनी पेढे आणून ठेवले होते. संध्याकाळी भाऊजी आले, चपला नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "जागा भरल्या होत्या."

कुठल्यातरी साहेबाने आपल्या भाच्याला चिकटवलं, अशी सासूबाईंची खात्रीच झाली. त्या न पाहिलेल्या साहेबाला त्यांनी पुढे अकरा वर्षं शिव्या दिल्या. सणवारीसुद्धा.

खरं काय ते मला मिरच्यांमुळे कळलं. लोणच्यासाठी हिरव्या मिरच्या आणल्या होत्या, त्यांत पिकून लाल झालेल्या बऱ्याच निघाल्या. "भाऊजी, लाल तेवढ्या बाजूला काढता का?" म्हणून सूप त्यांच्यापुढे सरकवलं. अर्ध्या तासाने पाहते तर दोन ढीग, आणि दोन्हींत दोन्ही.

मी हसले. "लक्ष कुठे होतं?"

ते हसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून म्हणाले, "वहिनी, मला हे सगळं एकाच रंगाचं दिसतं. तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. आकडा वाचा म्हणाले. मला नुसते ठिपकेच दिसले." मग थोडं थांबून, "आईला नका सांगू. तिचा तो साहेब बरा."

मी देवासमोर शब्द दिला. वहीतही लिहिलं नाही, कोणी वाचलं तर?

आणि असा हा माणूस रविवारी काय करायचा, तर शिशाच्या शिपायांना रंग द्यायचा!

हे वेड लावलं श्रीकृष्णरावांनी. ते भाऊजींचे शाळेतले इतिहासाचे सर, राहायला हरणीला. त्यांच्या मेव्हण्याने विलायतेहून एक पेटी पाठवली होती. तीत बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे शिपाई, दोन फासे आणि नियमांचं पुस्तक. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरायची, खाली पुस्तकं सरकवून टेकड्या करायच्या, आणि दोन बाजूंनी दोन पलटणी उभ्या करायच्या. पायदळ एका खेपेला किती इंच चालणार हे फूटपट्टीने मोजायचं, गोळी लागली की हुकली हे फाशाने ठरायचं. चार चार तास दोघं त्या टेबलाभोवती फिरायचे. पुढे भाऊजी स्वतःच प्लास्टरच्या साच्यांत शिसं ओतून शिपाई करायला लागले.

समोरच्या नलिनीबेन गॅलरीतून विचारायच्या, "केम बेन, गजेंद्रभाई हजी रमकडां रमे छे?" म्हणजे अजून खेळण्यांशी खेळतात का.

भाऊजी आतून म्हणायचे, "रमकडां नाही, नलिनीबेन. लश्कर!" तेवढा एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून मोठ्याने निघायचा.

सरांचा एक नियम कडक होता. रंग न दिलेला शिपाई मैदानात उतरणार नाही, आणि डगल्याचा रंग, कॉलर-बाह्यांच्या पट्टीचा रंग ठरलेला म्हणजे ठरलेला. सरांच्या पलटणीला हिरवा डगला आणि लाल पट्टी. भाऊजींच्या वाट्याला त्याच्या उलट, लाल डगला आणि हिरवी पट्टी. म्हणजे नशिबाने नेमके तेच दोन रंग त्यांच्यापुढे वाढून ठेवले.

म्हणून मी डब्यांना दोरे बांधले. ऑइलपेंटच्या लहान डब्या, त्यांच्या गळ्याशी दोरा. लाल असेल तर एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. भाऊजी बोटाने गाठ चाचपायचे आणि ब्रश बुडवायचे. कोणी विचारलं तर हे माझं काहीतरी व्रत असेल असं वाटावं, म्हणून दोरे पूजेच्या सुताचे घेतले होते. शिपाई रिकाम्या रिळावर मेणाने चिकटवून उभा करायचा. आधी अंगभर पांढरा हात. तो वाळला की डगला, मग घडीच्या जागी थोडा गडद, आणि शेवटी पट्टी, तीही एक केस उरलेल्या ब्रशाने. श्वास रोखून. मी शेजारी बसून शेंगा सोलायची.

"अंग गडद असलं की काठ उजळ हवा," मी म्हणायची. "नाहीतर लांबून साडी नुसती एकरंगी दिसते."

"वहिनी, ही पलटण आहे. हळदीकुंकवाला नाही निघाली."

"मग काठ नको?"

"काठ हवा," म्हणून ते पट्टी थोडी उजळ करायचे.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत सरांनी सांगितलं की ते बंगळूरला मुलीकडे कायमचे चालले. चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी शेवटचा डाव. दोघांनी नवी पलटण आणायची, अठरा शिपाई आणि एक घोडेस्वार सेनापती. सरांचे स्नेही जयसिंगरावही बघायला येणार होते, आणि ते फिरकी घेण्यात पटाईत. भाऊजी महिनाभर त्या पलटणीत बुडाले. "सरांनी एकदा हातात घेऊन बघावी अशी झाली पाहिजे," म्हणायचे. मागायचं म्हणून त्यांनी एवढंच मागितलेलं मला आठवतं.

आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी घट बसतात, सहाव्या दिवशी उठतात. त्याआधी मी सगळं घर धुऊन काढते. त्या वर्षीही देव चिंचेने घासले, आणि घोड्यावरचा चांदीचा खंडोबा फडक्यात गुंडाळून हळदीच्या डब्यामागे ठेवला. भाऊजींच्या टेबलावरचे दोरे काळे, चिकट झाले होते. पूजेचं सूत असं मळकं कसं ठेवायचं, म्हणून तेही बदलले. तोंडाने स्तोत्र म्हणत होते, हात गाठी मारत होते. दुसऱ्या दिवशी घट बसले, मी सोवळ्यात, आणि मग पाच दिवस भाऊजींच्या खोलीकडे फिरकलेच नाही.

पंचमीला जेवायला हाक मारायला गेले आणि दारातच उभी राहिले. टेबलावर अठरा शिपाई ओळीने वाळत होते. पट्ट्या इतक्या रेखीव की रांगोळीच्या रेघा वाटाव्यात. आणि डगले सगळे हिरवे, पट्ट्या लाल.

"कसे झालेत?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर सर असणार होते. "भाऊजी," मी म्हटलं, "मी गाठी उलट्या मारल्या हो. हे सरांचे शिपाई झाले."

त्यांनी एक शिपाई उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. काही दिसणार नव्हतंच. मला म्हणाले, "तुम्ही रडू नका. घट बसलेत." मग अगदी हळू, "परत रंगवायचे तर हे आधी वाळायला हवेत. तेवढा वेळ नाही. सेनापतीपण सापडत नाहीये. त्याला पांढरा हात देऊन देवघराच्या खिडकीत वाळत ठेवला होता, तो घट बसले त्या दिवसापासून गायब. दादाला सांगा, सरांना निरोप पाठव. गजेंद्रला ताप आलाय म्हणावं."

"सर डाव झाला की जाणार, भाऊजी. पुन्हा भेट—"

"जयसिंगरावांसमोर काय सांगू? रंग देणाऱ्याला रंग दिसत नाही म्हणून?"

ह्यांना मी निरोप दिला. "ताप? मघाशी तर बरा होता," हे म्हणाले. मी मान खाली घालून ताटं मांडली.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात. तळी उचलायला भाऊजी "तापातून" उठून आले. येळकोट येळकोट जय मल्हार झालं, भंडारा उधळला, सगळ्यांची डोकी पिवळी. मग घट हलवले आणि सासूबाई देव एकेक करून पुसायला बसल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण देवाचं काम त्या कोणाला करू देत नसत.

"यंदा खंडोबा जड लागतोय गं," त्या म्हणाल्या. "आणि हळद काही निघेना."

मला एकदम हळदीच्या डब्यामागचं फडकं आठवलं. चांदीचा खंडोबा अजून त्यातच होता. भाऊजींनी हात पुढे करून तो घोडेस्वार घेतला. त्यांचाच सेनापती. सासूबाईंना खिडकीत काहीतरी पांढरं, घोड्यावर बसलेलं लागलं, तर त्यांनी देव घरंगळला समजून त्याला घटापाशी बसवला होता. पांढरा रंग पुरता वाळलेला नव्हता. वर सहा दिवस भंडारा. डोक्यापासून टापांपर्यंत तो हळदीने मढून निघाला होता.

मी कपाळाला हात लावला. पण भाऊजी त्याला घेऊन उजेडात गेले. नखाने खरवडून पाहिलं, फुंकलं. हळद हलली नाही.

"वहिनी, हा मला दिसतो."

"पिवळा सगळ्यांनाच दिसतो, भाऊजी."

"तसं नाही. लाल म्हटलं की मी तुमच्या तोंडाकडे बघून लाल म्हणतो. हा मी माझा बघतोय."

सासूबाई पुसता पुसता थांबल्या. "म्हणजे काय रे? लाल दिसत नाही तुला?"

मग भाऊजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, भरलेल्या जागा, माझ्या गाठी, सगळं.

"म्हणजे तो साहेब?"

"साहेब नव्हता, आई."

"अरे मेल्या! आणि मी त्या बिचाऱ्याला अकरा वर्षं..." त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, बहुधा त्या साहेबासाठीच. मग म्हणाल्या, "मी शिपायाला सहा दिवस खंडोबा म्हणून पुजलं, नैवेद्य दाखवला. देव काही म्हणाला? तुला दोन रंग एक दिसतात, मला शिपाई आणि देव एक दिसले. कोण कोणाला हसणार आता?"

भाऊजी घोडेस्वाराकडे बघत होते. "आई, भंडारा किती उरलाय?"

"परातभर आहे. कशाला?"

"पलटणीला लावू?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. देवाचा भंडारा खेळात वापरायचा, मला तर ते पटेना. त्या मात्र म्हणाल्या, "लढाईला निघालेल्याला भंडारा लावूनच धाडतात. घेऊन जा."

त्या दुपारी भाऊजींनी हिरव्या डगल्यांवर पांढरा पातळ हात दिला. तो चिकट असतानाच वर हळद भुरभुरवली आणि जादा फुंकून काढली. शनिवारी पट्ट्या निळ्या केल्या. निळाही त्यांना स्वच्छ दिसायचा. टेबलावर गाठ बांधलेली एकही डबी नव्हती. मी शेंगा घेऊन बसले होते, पण विचारायला त्यांना काहीच नव्हतं, आणि मला उगाचच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

रविवारी हरणीला भाऊजी, हे आणि मी असे तिघं गेलो, मी रोडग्यांचा डबा घेऊन. तापाचा निरोप ह्यांनी पोचवलाच नव्हता, त्यामुळे सरांची हिरवी पलटण मांडलेलीच होती. भाऊजींनी आपली उभी केली. खोलीभर हळदीचा वास.

जयसिंगराव म्हणाले, "काय हो, ही लढायला आलीये की लग्नाला?"

सरांनी चष्मा पुसला. "गजेंद्र, तुझा लाल डगला कुठे गेला?"

"लाल मला दिसत नाही, सर. हिरवाही नाही. कधीच दिसले नाहीत. हे दिसतात."

सरांनी चष्मा चढवून दोन्ही पलटणी पाहिल्या. मग म्हणाले, "मग इतकी वर्षं तू माझे शिपाई आणि तुझे शिपाई ओळखलेस कसे?"

"जागेवरून. कोण कुठे उभा आहे, कुठून कुठे गेला, ते पाठ ठेवायचो."

"सगळ्यांचं?"

"हो, सर."

"आणि तरी निम्मे डाव मी हरलो!" सर एवढ्या मोठ्याने हसले की आतून त्यांची बायको बघायला आली. हसू ओसरल्यावर त्यांनी पुढच्या रांगेतला एक शिपाई उचलून तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला आणि निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. जयसिंगरावांना म्हणाले, "बघा हात कसा आहे. माझ्या सगळ्या पलटणीत अशी एक रेघ नाही."

माझ्या वहीत त्या रात्री लिहिलंय: "भाऊजी हरले. सेनापती तिसऱ्याच फाशाला पडला. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

सर गेले ते गेले. पण बंगळूरहून दर दिवाळीला पत्र यायचं आणि खाली एक ओळ असायची, माझ्यासाठी चार पिवळे पाठव. भाऊजी पाठवायचे, कापसात गुंडाळून, रजिस्टर पार्सलने. शेवटपर्यंत त्यांनी पिवळे-निळेच केले. गाठींच्या त्या लाल-हिरव्या डब्या अजून माझ्याकडे आहेत, रंग केव्हाच सुकले. उलट्या गाठी सोडून नीट बांधू का, मी एकदा विचारलं होतं. "राहू द्या, वहिनी," म्हणाले. "छान बांधल्यात."

डावावरून परत आलेला सेनापती सासूबाईंनी देवघरात बसवला, तो पुन्हा दिलाच नाही. सहा दिवस देव म्हणून बसलेल्याला उठवून पेटीत कसा टाकायचा, हा त्यांचा प्रश्न. चांदीच्या खंडोबाशेजारी तो अजून उभा आहे. घोड्याच्या नाकावरची हळद आता उडाली आहे. यंदा चंपाषष्ठीला मी तिथे पांढऱ्या रंगाचं एक बोट लावलं आणि वाळायच्या आत भंडारा टाकला. फुंकून पाहिला, हलला नाही.