पडद्याला पाठ

कुठला सिनेमा बघावा, हे लालबागच्या त्या चाळीत अजूनही लवू परबांनाच विचारतात. तीस वर्षं ते थिएटरात डोअरकीपर होते ना! पण या गृहस्थांनी एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. पडद्याला पाठ करून ते माणसांकडे बघत. बायकांनी डोळ्यांना पदर लावला की सिनेमा चांगला, पोरं चुळबुळ करू लागली की बकवास. बायकोला मात्र त्यांनी तिथे कधी येऊ दिलं नाही. ड्युटीवर घरचं माणूस नको, म्हणत.

थिएटर बंद पडलं. परवा त्यांच्या लेकीने, मेघनाने, घरी प्रोजेक्टर आणला. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, खिडकीला चादर लावली. परब भिंतीच्या कडेला, बायकोकडे, म्हणजे शेवंतीकाकूंकडे तोंड करून बसले.

"बाबा, सिनेमा मागे आहे!" मेघना वैतागली.

"गप बस गो!"

दोन तास ते हलले नाहीत. दिवा लावत मेघनाने विचारलं, "कसा होता?"

"तुझी आवस हसताना अशी दिसता, माका ठावकच नव्हतां," परब म्हणाले. "परत पयल्यापासून लाव."