चिमाजीआबांच्या विहिरीतला नेचा

मधुसूदनराव राजहंस चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाले, त्या दिवशी खात्यातल्या पोरांनी त्यांना हार घातला आणि ते रिक्षात बसल्याबरोबर पेढे वाटले म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण पेढे कंदी होते, हे शपथेवर सांगणारे दोघे आजही भोसरीत भेटतात. बत्तीस वर्षं माणूस क्वालिटीत होता. सुट्या भागात केसाएवढा फरक दिसला की नापासाचा लाल टॅग बांधायचा, खाली सही ठोकायची आणि मग प्रत्यक्ष मालक खाली उतरला तरी ऐकायचं नाही. बघायच्या कार्यक्रमात त्यांनी पोह्यातले शेंगदाणे सगळे सारखे भाजले नाहीत असा शेरा मारला होता. ही बातमी बाहेरची नाही, खुद्द त्यांच्या पत्नी चारुलताबाईंनी फोडलेली आहे.

असा माणूस रिकामा बसला की घराचं काही खरं नसतं. पण चारुलताबाईंचं नशीब मोशीच्या नव्या सोसायटीत उघडलं. बिल्डरने लिफ्टसमोर पिवळा जैसलमेरी दगड घातला होता. एका सकाळी मधुसूदनराव त्या फरशीवर गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून बसलेले दिसले. वॉचमनला वाटलं, साहेबांचा दात पडला.

"शिंपले आहेत शिंपले!" साहेब ओरडले. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र आहे हा! पाय काढा तुमचा!"

तेव्हापासून जीवाश्मांचं वेड लागलं ते लागलंच. आळंदी रस्त्यावरच्या फरशीवाल्यांच्या दुकानामागे तुटक्या लाद्यांचा ढीग असतो, तिथे त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फरशीवाले आधी चोर समजले, मग वेडा समजले आणि शेवटी चहा पाजू लागले. घरातल्या शोकेसमधून चारुलताबाईंच्या बाहुल्या उठल्या आणि शंख, शिंपले, गोगलगायी बसल्या. कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने चंद्रपूरकडच्या आपल्या शेताच्या बांधावरून दगड झालेल्या लाकडाचा तुकडा आणून दिला. त्याच्या वलयांची मोजणी चार दिवस चालली होती. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी : नमुना क्रमांक, ठिकाण, ओळख, तपासणारा. तपासणारा अर्थातच म. रा. राजहंस. पुस्तकातल्या चित्राशी ताडून, कॅलिपरने मोजून, तीन खुणा जुळल्याशिवाय ओळख लिहायची नाही हा नियम.

एकाच नमुन्यासाठी तो नियम मोडला, आणि तेच सगळं महाभारत.

सोसायटी जिथे उभी आहे ती जमीन चिमाजीआबा बोऱ्हाड्यांची. आबा शेजारच्याच गावठाणात राहतात. बी विंगच्या पार्किंगखाली त्यांची विहीर होती. बुजवली गेली तेव्हा आबांनी तिच्या कडेचा एक दगड तेवढा उचलून आणला. त्याच्या पांढुरक्या पाठीवर काळी नाजूक पानं उमटलेली, थेट कुंडीतल्या नेच्यासारखी, फर्नसारखी. तीन वर्षांपूर्वी दगडवेड्या साहेबांची कीर्ती ऐकून आबा तो पंच्यात गुंडाळून घेऊन आले.

"सायेब, ह्ये पान हाय का?"

मधुसूदनराव बघतच राहिले. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात पान शोधणं म्हणजे तव्यावर मासे शोधणं, असं ते येईल त्याला ऐकवत. पण लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात गाळ साचतो, गाळात पान अडकू शकतं, हेही पुस्तकात होतंच. आणि दगड इतका देखणा, आबांचा चेहरा इतका उत्सुक, की साहेबांनी भिंग न लावताच सांगून टाकलं, "आबा, नेचा आहे. साडेसहा कोटी वर्षांचा!"

झालं. दगड साहेबांच्या शोकेसमध्ये बसला, आणि आबांच्या विहिरीला कोटी वर्षं लागली म्हटल्यावर गावभर बोलबाला. दर रविवारी आबा सदऱ्यावर हात फिरवत यायचे, चहा घ्यायचे, दगडाकडे बघायचे आणि जायचे. यंदा सोसायटीने क्लबहाउसमध्ये साहेबांच्या संग्रहाचं प्रदर्शन ठरवलं. मधल्या टेबलावर, मखमलीवर, आबांचा नेचा. आबा रविवारी दहा वाजता सगळी भावकी घेऊन येणार होते.

शनिवारी दुपारी साहेब मोठी चिठ्ठी लिहायला बसले. पानाची लांबी लिहावी म्हणून पहिल्यांदाच दगड भिंगाखाली घेतला. लांबी घेतली. मग मधली शीर शोधली. सापडेना. देठ शोधला, तोही नाही. काळ्या फांद्या दगडाच्या फटीच्या कडेपासून निघून मनाला येईल तिकडे पसरलेल्या. कडेचा सैल टवका अलगद उचलला, तर खालच्या फटीतही तीच नक्षी.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. पुस्तकातलं ते पान त्यांना तोंडपाठ होतं : फटीत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज फांद्या फोडत पसरतं, आणि नवशिके त्याला नेचा समजतात. नवशिके!

"अहो, चहा गार झाला," चारुलताबाई म्हणाल्या. "कुणी मेलं का?"

"पानच नाहीये गं ते."

बाईंनी दगड पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "मग उद्या काय करणार? आबा आख्खं गाव आणतायत. राहू दे की तसाच. मोशीत कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"बत्तीस वर्षं लोकांची पोरं रडवलीत. आता स्वतःला रडवा," असं म्हणून बाई आत गेल्या, पण जाताना गार चहा घेऊन गेल्या आणि गरम घेऊन आल्या.

रविवारी साडेनवालाच मधुसूदनराव क्लबहाउसच्या दारात उभे. आबा पांढरं फटक धोतर, गुलाबी फेटा बांधून आले. मागे दोन टमटम भरून बोऱ्हाडे. साहेबांनी आबांना बाजूला घेतलं आणि मधल्या टेबलापाशी नेलं. दगड मखमलीवरच होता, फक्त त्याला लाल टॅग बांधलेला.

"आबा, मी चुकलो. हे पान नाही. पाण्याने काढलेली नक्षी आहे. मी तेव्हा न तपासताच सांगितलं."

आबांनी दगडावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "म्हंजी आमच्या हिरीतलं पानी?"

"हो. पाणीच."

"मंग हितं काय लिवलंय?"

साहेबांनी वाचून दाखवलं. "नाकारले. वनस्पती नाही. चूक तपासणाऱ्याची. पुरवठादारास परत." आणि घाईघाईने समजावलं, "परत म्हणजे... कंपनीत तशी पद्धत असते, आबा. नापास माल ज्याचा त्याला जातो. मी सवयीने लिहून गेलो, मनावर घेऊ नका."

"पुरवठादार म्हंजी मीच का?"

"तुम्हीच."

आबांनी फेटा सावरला. "तीन वरीस झालं, मागावा म्हनत हुतो. लाज वाटायची. सायेबानं कपाटात ठिवलाय, कोटीचा माल हाय, आपुन कसा मागायचा? हिरीचा तेवढाच एक दगुड ऱ्हायलाय माज्याकडं. आन् तोबी तुमच्याकडं." मग एकदम करड्या आवाजात, "पर ह्या भावकीला म्या न्हाई सांगनार. कोटी कोटी म्हनून म्याच बोंबललो. तुमी सांगा. एकेकाला सांगा."

आणि सांगावं लागलं. बोऱ्हाडे माणसं गटागटाने टेबलाशी येत, टॅग बघत आणि "ह्ये काय वो?" विचारत. प्रत्येक वेळी मधुसूदनराव "मी चुकलो" पासून सुरुवात करत.  एक पुतण्या हसला, एक आत्या म्हणाली, "सायेबबी चुकतोय व्हय!" आणि तिने ती गोष्ट मागाहून आलेल्या टमटमवाल्यांना दारातच सांगून टाकली. बाराच्या सुमाराला साहेबांना ते वाक्य इतकं सराईत जमू लागलं की त्यांच्याच घरच्या कस्तुरा कामवालीने मुद्दाम दोनदा ऐकून घेतलं.

एक वाजता आबांनी खिशातून पंचा काढला आणि दगड त्यात बांधू लागले. साहेब टॅग सोडवायला पुढे झाले.

"ऱ्हाऊ द्या की त्यो," आबा म्हणाले. "तुमची सही हाय त्यावर. घरी कुनी पुन्ना पान म्हनाय नको."

काखेत दगड घेऊन ते टमटमच्या पुढच्या सीटवर बसले. मागच्या बोऱ्हाड्यांनी जागेवरून भांडण सुरू केलं होतं, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.