डोळ्यांत मशेरी

मी आयुष्यात तंबाखू एकदाच घेतली, आणि तीही डोळ्यांतून.

साल नेमकं आठवत नाही, पण साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वडिलांची विमा कचेरीतून जयपूरला बदली झालेली, आम्ही राजा पार्कात भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि मी तेवीस वर्षांची बिनलग्नाची! परमुलखात मराठी स्थळं मिळायची मारामार. आली ती तीन, आणि तिघांनीही एकच कळवलं : मुलीचे डोळे बारीक आहेत. (तिघांतला एक स्वतः तिरळा होता. पण तो मुलगा ना!) तिसऱ्या नकाराचं पत्र घडी करून ठेवत वडील म्हणाले, "आता अजमेरचं तेवढं राहिलंय. ते गेलं की संपलं."

शेजारच्या बिमला भाभीला माझी दया आली. तिच्याकडे दिल्लीहून आणलेला मेकअपचा डबा होता. त्यातला उंदराच्या शेपटीएवढा ब्रश काढून ती म्हणाली, "सुरमे का पाउडर ले, ब्रश ज़रा गीला कर, और पलकों पे लाइन खींच दे. कान तक! आँखें इतनी बड़ी लगेंगी कि लड़का डर जाएगा!"

मुलगा घाबरला, एवढं मात्र तिचं खरं झालं.

ब्रश मिळाला, पण सुरमा कुठून आणायचा? कार्यक्रमाच्या दिवशी, अजमेरची मंडळी टांग्यातून उतरत असताना, मी आईचं कपाट उपसलं. लुगड्यांच्या मागे एक पितळी सुरमादाणी सापडली आणि तिच्यात काळीभोर बारीक पूड. जरा नवल वाटलं, कारण आईने डोळ्यांना कधी काही लावलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, असेल बाई, तिलाही हौस असेल! वास घेऊन बघायला हवा होता, पण जानेवारीची थंडी, आठवडाभर नाक चोंदलेलं.

ती मशेरी होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. आमच्या साताऱ्याकडे बायका ती सकाळी दातांना लावतात, आणि मग दिवसभर लावतच राहतात. सात वर्षांपूर्वी जयपूरला येताना आईने ती सोडली होती, चांगली देवापुढे शपथ घेऊन. निदान वडिलांची तशी समजूत होती. प्रत्यक्षात मावशी पापडांच्या डब्यातून पुडी पाठवायची आणि आई ती सुरमादाणीत भरून ठेवायची. इथे घरोघरी सुरमादाणी! तिच्यात कोण डोकावतंय?

मी डोकावले. ब्रश पाण्यात बुडवला, पुडीत फिरवला आणि पापणीच्या कडेने ओढली रेघ. डोळा चुणचुणला. सुंदर दिसायचं तर थोडं सोसावं लागतंच, अशी स्वतःची समजूत घालून मी दुसऱ्या डोळ्यालाही न्याय दिला.

"शकू, चहा आण!" वडिलांची हाक आली.

ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा दोन्ही डोळ्यांत इंगळ्या डसत होत्या. समोर तीन माणसं बसली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी पहिला कप दिला तो टेबलावरच्या फुलदाणीला.

"बस मुली," मुलाचे वडील म्हणाले. "नाव काय तुझं?"

"शकुंत..." म्हणता म्हणता मला हुंदका फुटला.

"शिक्षण?"

"इंटर..." आता नाकातूनही धारा! गालांवरून काळं पाणी ओघळून शालूवर टपटपत होतं. मुलाने आपली खुर्ची मागे सरकवली, तो आवाज मी स्पष्ट ऐकला.

"मुलीच्या मनाविरुद्ध तर नाही ना चाललेलं?" मुलाच्या आईने विचारलं.

"छे, छे! आनंदाने रडतेय ती!" वडील म्हणाले. (मी तेव्हा पाय आपटत होते.) "आमचं घर अगदी साधं, निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा मिळणार नाही!"

मुलाची आई मायाळू होती बिचारी. उठून जवळ आली, पदराने माझे डोळे पुसायला लागली आणि थबकली. पदर नाकाशी नेला.

"अगं बाई! ही तर मशेरी! आमच्या सासूबाई लावायच्या. मुली, तू मशेरी लावतेस?"

वडील म्हणाले, "शकू! हे कुठून आणलंस?" मला सगळं त्याच क्षणी कळलं. आईचं नाव घेतलं तर आई मेली, न घेतलं तर मी!

दारात बांगड्या वाजल्या. "माझी आहे ती," आई म्हणाली. "पोरीचा काही दोष नाही. मी लावते. सात वर्षं झाली. रोज."

मुलाच्या आईनेच मला मोरीवर नेऊन तोंड धुतलं, परत आणून मुलासमोर बसवलं. मग ते लोक चहा न पिताच टांग्यात बसले आणि वडिलांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "नज़र बच गई तो भगवान की कृपा समझिए," आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. तीन दिवस मला रात्र की दिवस कळत नव्हतं. आपण आंधळ्या झालो या भीतीने मी घाबरीघुबरी झाले होते. वडिलांनी आईशी बोलणं टाकलं होतं. "शकू, आईला सांग, आमटीत मीठ नाही." मी पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आईला सांगायची, "आई, आमटीत मीठ नाही." पट्टी सुटल्यावर पहिला दिसला तो आईचा चेहरा. तिचे डोळे माझ्यापेक्षा सुजलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी अजमेरहून पत्र आलं. वडिलांनी ते मोठ्याने वाचलं.

"'मशेरीविषयी आमच्या मनात काहीही नाही. ती जुन्या लोकांची सवय असते. मात्र तोंड धुऊन आल्यावर मुलीला नीट पाहता आलं. सबब नकार कळवीत आहोत. लोभ असावा.'"

मी समोरच बसले होते. आई आठ दिवसांत पहिल्यांदा वडिलांशी थेट बोलली.

"म्हणजे मशेरीचं त्यांना काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हिच्या तोंडावरूनच मोडायचं होतं, तर मी कशाला कबूल केलं!"