भिंतीवरचे दोन बिंदू

शेजारच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू झालं आणि आमच्या मुलुंडच्या घरात बाहेरच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. बाबा शाळेत गणित शिकवायचे. दुसऱ्या कुणी सिमेंट आणलं असतं. बाबांनी कंपासपेटी आणली. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बिंदू काढला आणि आईला म्हणाले, "दर रविवारी यांच्यातलं अंतर मोजायचं. वाढलं तर घर सोडायचं. तोवर घाबरायचं काम नाही."

बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, फक्त जागा असते, हे त्यांनी मला त्याच भिंतीसमोर शिकवलं.

रविवारी चहा झाला की ते डिव्हायडरची टोकं बिंदूंवर टेकवायचे, मग पट्टीवर, आणि मोठ्याने सांगायचे, "बावीस मिलिमीटर." दर रविवारी बावीस. दादा तेव्हा अंधेरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत शिरायचं, असला तो क्लास. त्याने आमचे आकडे तिथल्या यंत्रात घातले आणि लांबलचक कागद घरी आणला. त्यावर फुल्याफुल्यांची आडवी, सरळ रेघ.

"व्हॅल्यू हलतच नाही, आई. मशीन खोटं बोलत नाही."

"तू सांगशील तेच बोलेल ना रे ते?" आई म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

घर मात्र दुसरंच काही बोलत होतं. दाराची कडी बसेना. फरशीवर पडलेलं लिंबू आपोआप त्या भिंतीकडे घरंगळत जायचं. त्या सामाईक भिंतीपलीकडचं बिऱ्हाड कुलूप लावून डोंबिवलीला गेलं होतं, तरी दुपारी तड्याजवळ गाल नेला की त्या बंद घरातली गार हवा लागायची. मला वाटायचं, पलीकडेही कुणीतरी असाच गाल लावून उभं आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून कधी अभ्यासाला बसले नाही.

हे घर विकून दुसरं घेता येईल का, हे बघायला बाबांनी एकदा घरांची किंमत ठरवणाऱ्या माणसाला बोलावलं. तो तडा बघूनच थांबला. "मास्तर, शून्य धरा."

"विटा त्याच आहेत. मग किंमत गेली कुठे?"

"किंमत विटांत नसते, मास्तर. घेणाऱ्याच्या मनात असते."

बाबांचा सगळा फंड त्या भिंतींत गेला होता. तो माणूस गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढच्या रविवारीही बावीसच आले.

मग बाबांची पाठ धरली. पंधरा दिवस ते कॉटवरून उठले नाहीत. "आज ही मोजेल," आई म्हणाली. बाबा नको नको म्हणत असताना तिने माझ्या हातात डिव्हायडर दिला.

पंचवीस आले. मी परत मोजलं. पंचवीसच. उजव्या बिंदूवर बोट टेकवलं, तर त्याच्या शेजारी बारीकसा खळगा लागला. त्याच्या पुढे आणखी एक, मग आणखी. तड्यापासून लांब जाणारी खळग्यांची ओळच होती. नीट खोडलेले जुने बिंदू. दाबून काढलेल्या पेन्सिलीची खूण मात्र चुन्यात राहिली होती. भिंत सरकली की बाबा बिंदू खोडून पुन्हा आत आणत होते. मी वळून कॉटकडे पाहिलं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत पायरी तपासणारा माणूस माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

"किती गं?" स्वयंपाकघरातून आई.

मला बाबांची फार दया आली. बावीस म्हणावंसंही वाटलं.

"पंचवीस."

बाबांनी डोळे मिटले. "बरोबर," ते म्हणाले, फळ्यावरचं गणित सुटल्यावर म्हणत तसं.

आई हात पुसत आली. वाकून तिने कॉटखालची पत्र्याची ट्रंक ओढायला घेतली. ती एका हाताने हलेना, म्हणून मी दुसरी कडी धरली. झाकण उघडलं, तर आत आमच्या सगळ्यांचे कपडे घड्या घालून भरलेले होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

"अहो, मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," ती म्हणाली.

बाबांच्या शर्टांच्या बाजूला एक चौकोनी जागा मोकळी होती. तिने माझ्याकडून डिव्हायडर घेऊन कंपासपेटीत टाकला आणि पेटी तिथे ठेवली. ती अगदी नेमकी बसली.