अमीसाठी वाद्य शोधताना: अमळनेर ते उधना

अमळनेरहून सुरतेकडे जाणारी सकाळची गाडी आम्ही दोघींनी पकडली तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाच वर्षांच्या नातीचा, अमीचा, हात. अमी नागोयात वाढलेली. माझी सूनबाई जपानी आहे. तिला दुसऱ्या गरोदरपणात डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं, म्हणून माझ्या मुलाने अमीला चार महिन्यांसाठी माझ्याकडे आणून सोडलं होतं. पोरगी गुणी होती. जेवायची, झोपायची, पण बोलायची नाही. मी जन्मभर लहान मुलांना गाणं शिकवलं. तीही मुलांमध्ये येऊन बसायची, पण पेटी सुरू झाली की उठून जायची. सूनबाईने फोनवर सांगितलं, "तिकडे तिची आजी तिला कोतो शिकवत होती." कोतो म्हणजे जपानी तंतुवाद्य. तेव्हापासून मी तिच्या हाताला झेपेल असं जपानी वाद्य शोधत होते. मुलाच्या ओळखीतून कळलं, की सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यातल्या जपानी इंजिनिअरची पत्नी अशी वाद्यं वाजवते आणि पुढच्याच आठवड्यात मायदेशी परत जाणार आहे.

नंदुरबार गेलं, नवापूर गेलं. व्याऱ्यानंतर उसाची शेतं सुरू झाली. अमी खिडकीशी बसून होती. समोरच्या बाईने तिला पेरू दिला, तो तिने दोन्ही हातांनी घेतला आणि मान लववून नमस्कार केला. बाई हसून म्हणाली, "केवढी शिस्त लावली हो तुम्ही!" मी काहीच लावली नव्हती.

सुरतेच्या अलीकडे उधन्याला माझा मामेभाऊ रमेश घ्यायला आला होता. तीस वर्षं तो इथे लूमवर (यंत्रमागावर) आहे. घरी वहिनीने कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा केला होता, आणि अमीसाठी मुद्दाम दूध-भात. बाहेर गल्लीत मागांचा खडखडाट चालूच होता. जेवण होताच आम्ही तिघे रिक्षाने हजीऱ्याला निघालो. वाटेत ट्रकांच्या रांगेत रिक्षा हिसका देऊन वळली आणि अमीची एक चप्पल रस्त्यावर पडली. मागून येणारा टँकर त्या चपलेवरूनच गेला. मग रिक्षावाल्याने आम्हाला इंजिनिअरांच्या वसाहतीऐवजी कारखान्याच्याच फाटकावर नेलं. तिथल्या पहारेकऱ्याने "आ नहीं, पेलो गेट" (हे नाही, ते फाटक) म्हणून परत पाठवलं. आम्ही पोहोचलो तेव्हा नातीच्या एकाच पायात चप्पल होती, आणि मी अगदी वरमून गेले होते.

दार उघडणाऱ्या तानिगुचीबाई, म्हणजे त्या इंजिनिअरच्या पत्नी, माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, मोडकीतोडकी हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी आधी अमीच्या पायांकडे पाहिलं आणि त्या जपानीत काहीतरी म्हणाल्या. अमी खुदकन हसली. मग ती जी बोलायला लागली, ती थांबेचना. चप्पल, टँकर, पेरू, सगळं हात हलवून हलवून सांगत असावी. महिनाभर माझ्या घरात असलेल्या पोरीचा मोकळा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंही.

बाईंनी आधी कोतो दाखवला. माणसाच्या उंचीचा, तेरा तारांचा. अमी गुडघ्यांवर बसली, पण पलीकडच्या तारांपर्यंत तिचा हात पोहोचेना. "बच्चों का छोटा भी होता है," बाई म्हणाल्या, "पर यहाँ नहीं." मग शामिसेन निघालं, तीन तारांचं, लांब दांडीचं. ते छेडायची फळी अमीच्या तळव्याहून मोठी. शिवाय त्यावर कातडं ताणलेलं असतं, ते इथल्या दमट हवेत एकदा फाटलंही होतं. अमीचा चेहरा उतरला. मी पिशवी उचलली. तेवढ्यात बाईंना काहीतरी आठवलं आणि त्या आतून एक अरुंद पेटी घेऊन आल्या. आत लाकडी वाद्य, त्यावर आकडे लिहिलेली बटणं, खाली गंजलेल्या तारा. दोन तुटलेल्या.

"ताइशोगोतो," त्या म्हणाल्या. "मेरी माँ का."

रमेश पुढे वाकला आणि ओरडलाच, "ताई, हाऊ ते आपला बेंजो शे!" (हा तर आपला बेंजो आहे!)

खरंच बेंजो होता. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने तार छेडायची. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत कर्ण्यावर वाजतो तोच. तो जपानातून आला हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं, हे वाद्य पहिल्यांदा नागोयातच बनलं. अमीच्या गावात! माझे कान तापले. गेल्या वर्षी सुट्टीत उधन्याहून अमळनेरला आलेल्या एका लूम कामगाराने आपल्या मुलीला बेंजो शिकवाल का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "माझ्याकडे वरातीची वाद्यं शिकवत नाहीत." तो बिचारा "बरं बाई" म्हणून निघून गेला होता.

रमेशच्या भजनी मंडळातले भगवानभाऊ बेंजो वाजवतात आणि दुरुस्तही करतात. तानिगुचीबाई आईचं वाद्य छातीशी धरून आमच्याबरोबर उधन्याला आल्या. भगवानभाऊ मागावरची पाळी संपवून नुकतेच आले होते, केसांत अजून सुताचे कण. त्यांनी हात धुतले, वाद्य मांडीवर घेतलं, गंज पुसला, एक एक तार बदलली. एक तार ताणताना फट्‌कन तुटली तेव्हा त्यांनी बाईंना हात जोडले. बाईंनीही जोडले. वाद्य सुरात आलं तसं अमीने त्यावर तिच्या बालवाडीतलं गाणं वाजवलं, अडखळत, जीभ बाहेर काढून. भगवानभाऊंनी दोनदा ऐकलं आणि आपल्या बेंजोवर तेच उचललं. दारात शेजारणी जमल्या. तानिगुचीबाई फरशीवर बसून डोळे पुसत होत्या.

मग त्यांनी ते वाद्य दोन्ही हातांनी अमीपुढे धरलं. मी घेणार होते, खोटं कशाला बोलू? भगवानभाऊंनी मधे हात घातला.

"मायनी वस्तू शे, बाई. ती दी टाकानी नही." (आईची वस्तू आहे, ती देऊन टाकायची नाही.)

रमेशने तानिगुचीबाईंना ते हिंदीत सांगितलं. भगवानभाऊ आत गेले आणि एक छोटा बेंजो घेऊन आले. त्यांची मुलगी लहानपणी त्यावर शिकली होती. ती आता शहाद्याला तिच्या घरी सुखात आहे. "पोरीले वाजाडू द्या," एवढंच म्हणाले. तो अमीच्या मांडीवर बरोबर बसला. मी संगीत शिक्षिका आहे हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर ते मागे सरले. "असं करू नका, बहीण."

दुसऱ्या दिवशी वहिनीने अमीला नवीन चपला घातल्या. तानिगुचीबाई ठरल्याप्रमाणे जपानला गेल्या. त्यांच्या आईचं वाद्य आता वाजतं असं त्या अमीला कळवतात. रमेशला मी त्या कामगाराचं वर्णन सांगून शोधायला लावलं आहे. अजून पत्ता लागलेला नाही.

प्रवासात आपण काय बघितलं ते सांगायची रीत आहे. सुरतेत मी ना तापीचा घाट बघितला, ना किल्ला. चार माणसं भेटली आणि त्यांनी माझ्या नातीला बोलतं केलं, मला थोडं गप्प केलं. दोन्हींची गरज होती.

घरी आल्यावर सकाळी अमी बेंजो घेऊन माझ्यासमोर बसली. मी बटणांवर बोट ठेवलं, ते चुकलं. इतकी वर्षं शिकवलं, पण हे वाद्य मला येत नव्हतं. अमीने माझं बोट धरलं, शेजारच्या बटणावर नेलं आणि मराठीत म्हणाली, "आजी, इथे."