पाय टेकेना, तरी हीच गाडी

घरोघर फिरून पेशंटांना इंजेक्शनं देणाऱ्या सिस्टरबाईंना मोटरसायकलच हवी होती, कारण जुनी स्कूटर चढावर रडायची. अडचण एकच, बाईंची उंची. कंपनीने ट्रॅकवर नव्या गाड्या चालवून बघायला ठेवल्यात हे कळताच त्या नवऱ्याला घेऊन पोचल्या. नवरा गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा.

लाल गाडीवर बसताच बाईंचे दोन्ही पाय हवेत लोंबकळले. सेल्समन गोड हसला. "मॅडम, तुमच्यासाठी आमची स्कूटर आहे ना!"

बाईंचं तोंड एवढंसं झालं. नवऱ्याने मात्र सीटमध्ये अंगठा रुतवून पाहिला, खिशातला खडू काढला आणि कोऱ्या सीटवर सरळ रेघ ओढली. "इथून दोन बोटं फोम काढला की झालं."

"अहो काका, शोची गाडी आहे ती!"

"मग कापली का मी? पुसतो की."

"पण आज कशी चालवू?" बाई कुरकुरल्या.

"निघताना मी धरतो, थांबताना मी धरतो. मधलं तुझं तू बघ."

लायसन्स होतं, हेल्मेट होतं. सेल्समन नाही कसं म्हणणार? बाई सुटल्या त्या सुटल्याच. एक फेरी झाली, दोन झाल्या. नवरा हात पसरून उभाच.

"काका, थांबवा त्यांना! फेरी एकच असते!"

"लग्नाला वीस वर्षं झाली, अजून जमलेलं नाही. तुम्ही बघा."

चौथ्या फेरीला बाई एकदाच्या थांबल्या. नवऱ्याने आणि सेल्समनने दोन बाजूंनी गाडी पकडली.

"दादा, हीच घेणार. बुकिंग कुठे करायचं?" बाई म्हणाल्या. "अहो, सोडू नका! मी अजून उतरले नाहीये."